बेन-गुरियनचं वाळवंटातलं घर, स्दे बोकेर : जाणार असाल तर अख्खा दिवस काढून जा

इस्राएलला येणाऱ्या आपल्या लोकांची यादी ठरलेली असते. जेरुसलेम, मृत समुद्र, तेल अवीवचा बीच, वेळ उरला तर हैफाच्या बागा आणि मग एअरपोर्ट. खाली नेगेवच्या वाळवंटात फार कमी जण जातात, आणि जे जातात ते मित्स्पे रामोनचा तो अवाढव्य खड्डा बघायला जातात. त्याच वाटेवर, ४० नंबरच्या हायवेला अगदी लागून स्दे बोकेर नावाचा किब्बुत्झ, म्हणजे सगळं सामायिक ठेवून एकत्र राहणाऱ्यांची शेतीवसाहत, आहे आणि तिथे या देशाचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांचं घर जसंच्या तसं ठेवलेलं आहे, पण पाटी दिसते आणि गाडी पुढे निघून जाते. म्हणून म्हटलं नीट रिव्ह्यू लिहूया, मराठीत या जागेबद्दल मला तरी काही वाचायला मिळालं नव्हतं, आणि मिळालं असतं तर मी पहिल्यांदा गेले तेव्हा जास्त तयारीने गेले असते.

आधी पोचायचं कसं ते सांगते. नेगेवमधल्या बीरशेवा शहरातून मित्स्पे रामोनकडे जाणारी बस पकडायची, पाऊण एक तासात पोचता. स्टॉप लक्षात ठेवा कारण स्दे बोकेर नावाच्या दोन जागा आहेत, एक किब्बुत्झ, जिथे हे घर आहे, आणि साधारण तीन किलोमीटर पुढे मिद्रेशेत, म्हणजे शिक्षणसंस्थांची वसाहत, जिथे त्यांची कबर आहे आणि बेन-गुरियन युनिव्हर्सिटीचा वाळवंट संशोधनाचा कॅम्पस आहे. त्या कॅम्पसवर आपले भारतीय विद्यार्थी आणि पोस्टडॉक बरेच असतात, माझी मैत्रीणही तिथेच आहे, म्हणून मला राहायची सोय होती. शुक्रवारी सगळं लवकर बंद होतं आणि शनिवारी दिवसभर बस नसते, त्यामुळे रविवार ते गुरुवार यातलाच दिवस धरा. आणि अर्थात परिस्थिती बघून, आपल्या एम्बसीच्या सूचना वाचून मगच प्लॅन करा.

टूरवाल्यांच्या भरवशावर मात्र जाऊ नका. पहिल्या वेळी मी एका टूर कंपनीच्या बसमधून गेले होते, नाव घेत नाही, त्यांनी एका दिवसात वाळवंट, उंटाची राइड, जेवण आणि हे घर असं सगळं कोंबलं होतं, आणि घरासाठी जेमतेम अर्धा तास. त्यातली दहा मिनिटं टॉयलेटच्या रांगेत गेली. गाइड मुलगा चांगला होता पण त्याला घाई होती, "हा बेड, हे किचन, ही पुस्तकं, चला चला" असं करत त्याने आम्हाला पुढच्या दाराने बाहेर काढलं. घर लहानच आहे, चालत गेलात तर पाच मिनिटांत संपतं, पण इथे थांबून बघायला लागतं.

आता घराबद्दल. सुरुवातीला एक छोटी फिल्म दाखवतात, मुलं बरोबर असतील तर ती नक्की बघा, त्यांना माणूस कोण होता ते पटकन कळतं. मग बाहेर येऊन बागेतून त्या घराकडे जायचं. लाकडी घर आहे, हिरव्या रंगाचं, किब्बुत्झच्या इतर लोकांना जशी लाकडी घरं होती तसंच, थोडं मोठं. सरकारी बंगला वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. आपल्याकडे एखाद्या साध्या नगरसेवकाचं घरसुद्धा यापेक्षा मोठं असतं हे मी अतिशयोक्ती न करता सांगतेय.

या माणसाने १९५३ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानपद सोडलं आणि वयाच्या ६७ व्या वर्षी बायकोला घेऊन इथे राहायला आला. किब्बुत्झ तेव्हा दीड वर्षाचा होता, काही तरुण मुलंमुली, मेंढ्या आणि भोवती उघडं माळरान. त्याआधी एकदा दक्षिणेतून परत येताना त्यांनी या मुलांना काम करताना पाहिलं, गाडी थांबवली, इथे काय करताय विचारलं आणि ते डोक्यात बसलं. इथे आल्यावर मला फक्त डेव्हिड म्हणा असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि इतरांसारखं कामाच्या यादीत नाव लावून मेंढ्यांच्या गोठ्यात काम केलं. कोकरू हातात धरलेला त्यांचा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलाच असेल.

आत शिरलात की बसायची खोली, साधी खुर्च्या टेबलं. पश्चिम जर्मनीचे माजी चॅन्सलर आडेनाउअर १९६६ मध्ये त्यांना भेटायला इथे स्दे बोकेरला आले होते. दोन म्हातारे, एक जर्मन आणि एक ज्यू, महायुद्धानंतर वीस वर्षांनी या वाळवंटात समोरासमोर. १९५२ मध्ये या दोघांच्याच काळात जर्मनीकडून ज्यूंच्या हत्याकांडाची भरपाई घेण्याचा करार झाला होता आणि तेव्हा बेन-गुरियनना स्वतःच्याच लोकांनी किती शिव्या घातल्या होत्या, संसदेवर दगडफेक झाली होती. हे माहीत असेल तर त्या खोलीत पाय आपोआप थांबतो.

मग स्वयंपाकघर, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पाउला बेन-गुरियन या मूळच्या मिन्स्कच्या, न्यूयॉर्कमध्ये नर्स होत्या, नवऱ्याच्या खाण्यापिण्यावर त्यांची फार कडक नजर असायची. त्या त्यांच्यासाठी एक प्रकार करायच्या, त्याला कुच-मुच म्हणायचे, म्हणजे पनीरसारखं मऊ चीज आणि फळांचा गर एकत्र कालवलेला. चवीपेक्षा पोटाला बरं म्हणून. लहानसा ओटा, कपाटं, थोडी भांडी. पाउलाला वाळवंटात येऊन राहायची अजिबात हौस नव्हती, ती शहरातली बाई, पण आली आणि १९६८ मध्ये जाईपर्यंत हे घर तिनेच चालवलं. राष्ट्रनिर्माते वगैरे लोकांची चरित्रं वाचताना बायको दोन ओळींत संपते, या घरात ती संपत नाही, तिची स्वतंत्र खोली आहे, तिच्या वस्तू आहेत, आणि तुम्हाला दिसतं की इथे दोन माणसं राहत होती. यासाठी या म्युझियमला माझ्याकडून वेगळे मार्क.

त्यांच्या बेडरूममध्ये एक अरुंद पलंग, शेजारी पुस्तकं, आणि भिंतीवर एकच फोटो. महात्मा गांधींचा. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, दुसऱ्या वेळी निवांत गेले तेव्हा त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. बरोबरच्या एका इस्राएली शाळेच्या ग्रुपमधल्या मुलीने मला विचारलं, तू इंडियाची आहेस का, हे तुमचे ना? मी हो म्हटलं आणि पुढे काय सांगावं सुचेना, कारण गोष्ट सरळ नाही. गांधीजींनी १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये हरिजनमध्ये ज्यूंबद्दल लेख लिहिला होता, त्यात त्यांनी युरोपात ज्यूंचे जे हाल चाललेत त्याबद्दल कळवळून लिहिलंय पण पॅलेस्टाइन अरबांचं आहे, ज्यूंना अरबांवर लादणं चूक आहे असंही स्पष्ट म्हटलंय. म्हणजे बेन-गुरियनच्या आयुष्यभराच्या कामाला ज्या माणसाने नाही म्हटलं त्याचा फोटो हा माणूस झोपायच्या खोलीत लावतो. आणि स्वतः मात्र अहिंसेच्या वाटेने अजिबात गेला नाही, सैन्य उभं केलं, युद्धं लढवली. मला याचं उत्तर सापडलेलं नाही पण तुम्ही गेलात तर त्या खोलीत घाई करू नका एवढं नक्की सांगेन.

त्यापुढे अभ्यासिका. साधारण पाच हजार पुस्तकं आहेत इथे, आणि तेल अवीवच्या घरी याच्या चौपट. प्लेटो मूळ भाषेत वाचायचा म्हणून हा माणूस मोठ्या वयात ग्रीक शिकला, सर्व्हान्तेस वाचायला स्पॅनिश शिकला. बुद्धाच्या विचारांचं त्यांना फार आकर्षण होतं, १९६१ मध्ये ब्रह्मदेशात गेले तेव्हा तिथले पंतप्रधान ऊ नू यांच्याकडे राहून ध्यानधारणा समजून घेत बसले होते. टेबल, कागद, पुस्तकांचे कप्पे, सगळं त्यांनी सोडलं तसं. आपल्या मागे हे घर असंच राहू द्यावं ही त्यांचीच इच्छा होती आणि ती पाळलीय. धूळ झटकलेली, पण सजवलेलं काही नाही. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या घरात पुतळे, हार, संगमरवरी पाट्या, झुंबर असं काय काय नंतर घुसवतात, इथे तो मोह टाळलाय.

आता इथे जाण्याआधी थोडं आयुष्य माहीत असलं तर घर बोलतं, नाहीतर ते जुनं सामान वाटेल, म्हणून मला महत्त्वाचं वाटतं तेवढं सांगते.

मूळ नाव डेव्हिड ग्र्युन. जन्म १८८६, प्लोन्स्क, आजचं पोलंड, तेव्हा रशियन साम्राज्यात. वडील कोर्टकचेरीची कामं करून देणारे, आई तो अकरा वर्षांचा असताना गेली. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये एकोणीस वर्षांचं हे पोरगं पॅलेस्टाइनमधल्या याफाच्या बंदरात उतरलं. पेताह तिक्वाच्या संत्र्यांच्या बागेत मजुरी, मलेरिया, उपासमार, डॉक्टर म्हणाला परत जा, हा गेला नाही. बरोबर आलेले पुष्कळ जण परत गेले हे लक्षात घ्या. मग उत्तरेकडे सेजेरामध्ये शेतमजूर आणि राखणदार. १९१० च्या सुमारास जेरुसलेममध्ये पेपरात लिहायला लागला तेव्हा बेन-गुरियन हे नाव घेतलं. पॅलेस्टाइन तेव्हा तुर्कांच्या राज्यात होतं, मग तिथेच खासदार वगैरे व्हायचं डोक्यात घेऊन १९१२ ला इस्तंबूलला कायदा शिकायला गेला, फेज टोपी घातलेला त्याचा तेव्हाचा फोटो आहे, टापटीप ऑटोमन साहेब वाटतो. पहिलं महायुद्ध सुरू झालं तर म्हणाला तुर्कांच्या बाजूने राहू. तुर्कांनी १९१५ मध्ये त्याला हाकलूनच दिलं.

मग न्यूयॉर्क. तिथे पाउला भेटली, १९१७ च्या डिसेंबरमध्ये लग्न, आणि पुढच्या वर्षी ती गरोदर असताना हा सैन्यात भरती झाला. ब्रिटिश सैन्यात ज्यूंच्या वेगळ्या बटालियन निघाल्या होत्या, ज्यूइश लिजन म्हणतात, त्यात. ट्रेनिंग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या विंडसर गावी. म्हणजे ज्या तुर्कांशी निष्ठा ठेवायची म्हणत होता त्यांच्याच विरुद्ध लढायला तीन वर्षांत ब्रिटिशांचा युनिफॉर्म चढवला. इजिप्तला पोचला, आजारी पडून कैरोच्या हॉस्पिटलमध्ये पडून राहिला, युद्ध संपत आलं. लढाई अशी त्याने पाहिलीच नाही. कॉर्पोरल झाला होता, परवानगी न घेता आपल्या राजकीय पक्षाच्या कामासाठी निघून गेला म्हणून पद काढून पुन्हा साधा शिपाई केला. मुलगी जन्माला आली ती बाप हजारो मैलांवर असताना.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय कारण पुढे हाच माणूस इस्राएल स्थापन झालं त्या १९४८ च्या युद्धात पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोन्ही होता, सेनापतींना हुकूम देत होता, आणि त्याची स्वतःची लष्करी पात्रता म्हणाल तर एक उतरवलेला कॉर्पोरल. पण त्याला ते पक्कं माहीत होतं. १९४७ मध्ये, साठ वर्षांचा असताना, त्याने आठवडेच्या आठवडे काढून हागाना या त्यांच्या गुप्त सैन्याचा अभ्यास केला, किती बंदुका, कुठे काय कमी, एकेकाला बसवून प्रश्न विचारले, वह्या भरल्या. कामगार संघटनेत हिशेब तपासायची सवय होती, हिस्ताद्रुतचा १९२१ पासून १९३५ पर्यंत तो सरचिटणीस होता, तीच पद्धत युद्धाला लावली. मला वाटतं या माणसात सैनिक कमी आणि युनियनवाला जास्त होता, आणि त्या युनियनवाल्याने सैन्य उभं केलं. एकच सैन्य असलं पाहिजे, पक्षापक्षाची वेगळी पथकं नकोत, यावर तो इतका अडून बसला की १९४८ च्या जूनमध्ये दुसऱ्या ज्यू गटाच्या शस्त्रं आणणाऱ्या आल्तालेना जहाजावर तेल अवीवच्या किनाऱ्यावर तोफ डागायला लावली, स्वतःचीच माणसं मेली त्यात. यावर इस्राएलमध्ये अजून लोक भांडतात.

आणि त्याच १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांतून गेले, बरेच हाकलले गेले, आणि परत येऊ दिले नाहीत. तो निर्णय याच माणसाच्या सरकारचा होता. हे न लिहिता मी नुसतं पलंग आणि पुस्तकांचं कौतुक केलं तर ते खोटं होईल. हे एका माणसाचं घर आहे, १९४८ चं म्युझियम नाही, तो सगळा इतिहास इथे मिळेल अशा अपेक्षेने येऊ नका, त्याच्यासाठी दोन्ही बाजूंचं बाहेर वाचायला लागतं आणि ते वाचाच.

घर झालं की कबरीवर जा. बसने किंवा ऊन नसेल तर चालत. प्रवेशाला पैसे नाहीत, बाग आहे, पायवाटेवर आयबेक्स म्हणजे डोंगरी बोकड बिनधास्त फिरत असतात, आणि शेवटी कड्याच्या टोकाला दोन साध्या पांढऱ्या शिळा, त्यांच्यापलीकडे जमीन एकदम खाली तुटते आणि झिनचं अख्खं खोरं. डेव्हिड आणि पाउला शेजारी शेजारी. १९७३ च्या १ डिसेंबरला ते गेले, इजिप्त आणि सीरियाबरोबरचं योम किप्पूर युद्ध नुकतंच थांबलेलं, आणि माझ्या अंत्यविधीला भाषणं करू नका असं सांगून ठेवलेलं होतं. शिळेवर बघा काय कोरलंय. नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल, आणि या देशात आला ते साल, १९०६. बस. पंतप्रधान नाही, संरक्षणमंत्री नाही, संस्थापक नाही. पाउलाच्या शिळेवरही तसंच, ती आली ते १९१९.

माझ्यासाठी या सगळ्या भेटीचा गाभा तो चौथा तपशील आहे. हा माणूस स्वतःकडे शेवटपर्यंत इथे येऊन राहिलेला माणूस म्हणूनच बघत होता. एकदा याफाला पोटासाठी आणि स्वप्नासाठी, एकदा युनिफॉर्ममध्ये, आणि म्हातारपणी पुन्हा सगळं सोडून या माळावर. त्याला वाटायचं देशाचं भवितव्य नेगेवमध्ये आहे, लोकांनी इथे यायला हवं, आणि मी बोलतो तर मी आधी जाऊन राहिलं पाहिजे. राजकारण्यांमध्ये ही गोष्ट किती दुर्मिळ आहे ते वेगळं सांगायला नको. आणि म्हणूनच पुढचा प्रश्न मला सोडवत नाही, जे स्वतःच्या मर्जीने इथे आले नाहीत त्यांचं काय?

कारण स्दे बोकेरपासून थोड्याच अंतरावर येरुहाम आहे, १९५१ मध्ये वसवलेलं, आणि डिमोना, १९५५ चं. ही सरकारने आखून वसवलेली गावं, नव्याने येणाऱ्यांना थेट इथे आणून सोडायचे, मोरोक्को, रुमानिया आणि हो, आपल्या कोकणातले. बेने इस्राएल म्हणजे पेण, अलिबाग, नवगाव, अष्टमी इथले आपले मराठी बोलणारे ज्यू, गावात ज्यांना शनिवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद, आडनावं पेणकर, अष्टमकर. ते मोठ्या संख्येने या डिमोना आणि बीरशेवात येऊन राहिले. डिमोनात आज मसाल्याचं दुकान सापडतं, कानावर मराठी पडते, आणि इस्राएलमधल्या मराठी लोकांचं मायबोली नावाचं मासिक बरीच वर्षं निघत आलंय.

मी दुसऱ्या वेळी गेले ती डिमोनातल्या एका ओळखीच्या मावशींना बरोबर घेऊन. त्या साठच्या दशकात लहानपणी मुंबईहून आलेल्या. इतकी वर्षं इतक्या जवळ राहून हे घर त्यांनी शाळेच्या सहलीनंतर पुन्हा पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात त्या थांबल्या, ओट्याकडे बघून म्हणाल्या, "आमच्या आईकडे एवढं पण नव्हतं गं. रात्री आणून सोडलं, सकाळी दार उघडलं तर नुसती वाळू. आई दोन दिवस रडली." मग बेडरूममध्ये गांधीजी दिसले तर हात जोडले त्यांनी, सवयीने. आणि बाहेर बाकावर बसून डब्यातले पोहे काढले, मला दिले, म्हणाल्या, "हा आला तो मनाने आला. आम्हाला पत्ता पण माहीत नव्हता. पण आता आम्ही पण इथलेच." त्यात तक्रार नव्हती आणि कौतुकही नव्हतं.

बेने इस्राएल लोकांना सुरुवातीला जे भोगावं लागलं ते इथे सांगायला पाहिजे. १९५१ मध्ये बीरशेवातल्या काही जणांनी भेदभाव होतो म्हणून तेल अवीवला जाऊन धरणं धरलं, आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून, आणि १९५२ मध्ये त्यातल्या लोकांना खरोखर परत पाठवलं. नंतर त्यातले बरेच जण पुन्हा आले. पंतप्रधान बेन-गुरियनच होते. साठच्या दशकात तर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, यांच्या ज्यू असण्यावरच शंका काढली, लग्न करायचं तर पिढ्यांची चौकशी होणार. बायाबापड्या जेरुसलेमला जाऊन उपोषणाला बसल्या, आंदोलन चाललं आणि १९६४ मध्ये सरकारला संसदेतून जाहीर करावं लागलं की हे सगळ्या बाबतीत ज्यूच आहेत. मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेले बेन-गुरियन तोवर पायउतार होऊन इथे स्दे बोकेरला परतले होते. धरणं, उपोषण, सत्याग्रह, हे कुठून शिकून आले होते ते लोक? ज्याचा फोटो त्या पलंगाशेजारी आहे त्याच्या देशातून. हे माझ्या डोक्यात मावशी हात जोडून उभ्या असताना आलं आणि मी त्यांना तिथेच सांगितलं, त्या म्हणाल्या आमचे काका होते त्या उपोषणात.

म्हणून माझा सल्ला आहे की हे घर एकटं बघू नका, डिमोना किंवा येरुहाम जोडून घ्या. सकाळी लवकर स्दे बोकेर, दोन तास घर आणि बाजूच्या छोट्या प्रदर्शनांना द्या, मग कबर, आणि दुपारनंतर डिमोना. गाडी असेल तर एका दिवसात आरामात होतं, बसने बीरशेवावरून फिरून जावं लागतं आणि वेळ जातो. आइन अवदातची दरी पण तिथेच खाली आहे, पाणी आहे, सुंदर आहे, पण ती चालायला दमवते आणि त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, बुकिंग आधी करा.

बाकी किरकोळ. पाट्या हिब्रू आणि इंग्लिशमध्ये आहेत. तिकीट मला रास्त वाटलं, विद्यार्थ्यांनी कार्ड दाखवा. काउंटरवरच्या बाईंनी मावशींशी मायेने गप्पा मारल्या, ज्येष्ठांचं तिकीट लावलं, कुठलं गाव, कधी आलात विचारलं, आणि आत गर्दी आहे थोडं बसा म्हणून खुर्ची दिली. उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं, टोपी आणि माणशी दोन बाटल्या पाणी पाहिजेच, आणि हिवाळ्यात उलट, संध्याकाळी इतकं गार पडतं की स्वेटर नसेल तर हाल. जून ते ऑगस्ट शक्यतो नको. आजी-आजोबांना नेता येतं, घराकडे जायची वाट सोपी आहे, कबरीपर्यंत मात्र थोडं चालणं आहे.

अगदी लहान मुलांना कंटाळा येईल, दहाबारा वर्षांच्या पुढची असतील तर न्या, आणि नेण्याआधी त्यांना गांधीजींच्या फोटोबद्दल सांगू नका, त्यांना स्वतःला सापडू दे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो फक्त बससाठी, घर बघून बाहेर आल्यावर उन्हात स्टॉपवर फार वाट बघावी लागली, त्यामुळे परतीच्या गाड्यांच्या वेळा आधी लिहून घ्या आणि संध्याकाळची शेवटची पकडायच्या नादात कबर राहून जाईल असं करू नका.